अंगणात कोणते फूल लावावे?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्यावयाचा असे ठरल्यावर मैत्रिणींनी मला अनेक विषय सुचविले. हुंडा, संत जनाबाई, माझा आवडता लेखक, स्त्री आणि शिक्षण. मी 'अंगणातील फुले' असे म्हणताच एकीने विचारले, "तू शास्त्र शाखेला कधी गेलीस गं?" मी कला शाखेचीच विद्यार्थिनी आहे. परंतु आमच्या दारापुढील जागेत कोणती फुलझाडे लावावीत या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत माझा जेवढा वेळ घेतला, तेवढा कोणत्याही पेपरने घेतलेला नाही. त्यात चुकाही अशा केल्या की एका चुकीची किंमत सहा हजार रुपये भरावी लागली. तेव्हा ज्यांच्या दारापुढे चार हात जागा आहे आणि तेथे काही निराळी, रंगीत फुले असावीत अशी ज्यांना हौस आहे, त्यांनी हा लेख वाचावा. बाकीच्यांनी कविता वाचाव्यात. त्या पुढे आहेतच.

प्रथम जागेविषयी. माझे वडील गवंडीकाम करतात. सोलापूर जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी त्यांनी पुष्कळ घरे आणि बंगले बांधले. आम्ही स्वतः मात्र २०२२ पर्यंत पत्र्याच्या खोलीत राहत होतो. त्या वर्षी आमचे दोन खोल्यांचे पक्के घर झाले. ते बांधताना आण्णांनी पुढे बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशी जागा मोकळी सोडली. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले. "एवढ्यात अजून एक खोली निघंल, नाहीतर किराणाचं दुकान टाक," असे सगळ्यांचे म्हणणे. आण्णा म्हणाले, "खोली काय, नंतरबी बांधता येईल. मी बांधलेल्या समद्या बंगल्यांफुडं बाग हाय. माझ्या दारात का नसावी?" आणि ती बाग करण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपविले, कारण घरात 'शिकलेली' अशी मीच. तेव्हा मी अकरावीत होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेले माणूस मीच पहिले. त्यामुळे फुलझाडांपासून सातबाऱ्यापर्यंत सर्व गोष्टी मला येत असणार अशी घरच्यांची समजूत आहे.

मला अर्थातच काही येत नव्हते. मी तालुक्याच्या एका रोपवाटिकेत गेले आणि भिंतीवरील चित्रे पाहिली. त्यात निळ्या फुलांचा चेंडूएवढा गेंद असलेले एक झाड होते. नाव हायड्रेंजिया. आमच्या गावात असे फूल कोणाच्याच दारात नव्हते, एवढे कारण मला पुरे झाले. बरोबर डेलियाची आणि पिटुनियाची रोपे घेतली. शिष्यवृत्तीतले नऊशे रुपये तेथेच संपले.

हायड्रेंजियाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण रंगीत फुलांच्या बाबतीत चित्र पाहून केलेली खरेदी कशी फसते हे त्यावरून कळते. या झाडाच्या बऱ्याच जातींत फुलाचा रंग मातीवर अवलंबून असतो. माती आम्लधर्मी असली की तिच्यातील अॅल्युमिनियम मुळांना घेता येते आणि फूल निळे होते. माती चुनखडीची असली की तेच झाड गुलाबी फुलते. आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे तर हाताने वेचता येतात! म्हणजे मी निळ्या रंगासाठी जे झाड आणले ते आमच्याकडे निळे फुलणे शक्यच नव्हते. त्यातून ते थंड व ओलसर हवेचे झाड. महाबळेश्वर-पाचगणीला ते चांगले येते. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच त्याची पाने भाजल्यासारखी झाली. डेलिया आणि पिटुनिया ही हिवाळ्याची फुले; त्यांनी दोन महिने शोभा दिली आणि ती गेली. मे महिन्यात आमच्याकडे टँकर सुरू झाला. घागरींची रांग लावून आणलेले पाणी मी कुंडीत ओतते आहे असे पाहून आई काही बोलली नाही, फक्त घागर माझ्या हातातून काढून घेतली. तिने रागे भरले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी रोपवाटिकेत जाण्याआधी घरात बसून हिशेब केला. आमच्याकडे भांडी विसळलेले आणि भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी दिवसाला साधारण दोन बादल्या निघते. (कपड्यांचे साबण-सोड्याचे पाणी झाडांना घालू नये, माती खारवते.) बागेचे बजेट एवढेच. अंगण पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन थेट दारात. कुंपण नाही, समोरून शेळ्या, कोंबड्या आणि शाळेची मुले जातात. आता या अंगणात जे जगेल आणि तरीही पाहणाऱ्याला दोन मिनिटे थांबवील, असे फूल शोधायचे. प्रश्न असा मांडल्यावर उत्तरे सापडू लागली, आणि त्यांतील निम्मी आजीला आधीपासून ठाऊक होती.

पहिले उत्तर म्हणजे ऑफिस टाइम. कोणी याला चिनी गुलाब म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतले. बोटभर उंचीचे, जमिनीवर पसरणारे, सुईसारख्या मांसल पानांचे हे झाड. सकाळी ऊन चढले, कचेऱ्या उघडण्याची वेळ झाली की फुलते आणि दुपारनंतर मिटू लागते. म्हणून हे नाव. गुलाबी, पिवळा, शेंदरी, पांढरा, राणी असे त्याचे इतके रंग आहेत की चार जातींचे तुकडे एकत्र लावले तर गोधडी पसरल्यासारखी दिसते. मी त्याची दहा रुपयांची जुडी आणली तेव्हा आजीने पाने चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "आगं, ही तर घोळीची भाजी! हिला पैसं मोजलंस व्हय?" मला हसू आले. नंतर पुस्तकात पाहिले तर आजी जवळजवळ बरोबर होती. रानात उगवणारी घोळ आणि हे फूल एकाच प्रजातीतले, सख्खे चुलत म्हणावे इतके जवळचे. दोघेही पाणी पानांत आणि देठांत साठवतात, म्हणून ऊन सोसतात. तुकडा तोडून मातीत खोचला की मूळ धरतो. आठवड्यातून दोनदा पाणी पुरते, किंबहुना जास्त पाण्यानेच ते कुजते. सावलीत मात्र लावू नये. ऊन नसले तर फूल डोळे उघडतच नाही.

या ऑफिस टाइमच्या निमित्ताने फुलांचे रंग येतात कोठून, हे मी थोडे वाचले. पिवळा-नारिंगी रंग पुष्कळदा गाजरात असतात त्या जातीच्या द्रव्यांचा असतो. झेंडू हे त्याचे उदाहरण. अंड्याचा बलक पिवळाधमक व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात, हे मला तेव्हाच कळले. निळा आणि जांभळा रंग बहुधा अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा; जांभळातही तीच. परंतु ऑफिस टाइम, बोगनवेल, गुलबक्षी यांचा गुलाबी रंग या दोन्हींहून निराळा आहे. तो बीटचा आणि लाल माठाचा रंग, बीटालेन. आणि गंमत अशी की ज्या झाडात हा बीटाचा रंग असतो त्यात अँथोसायनिन आढळत नाही. एका घरात दोघी नांदत नाहीत. ही दोन फुले शेजारी ठेवली तर डोळ्यालाही फरक कळतो. बोगनवेलीचा गुलाबी कसा भडक, जणू आतून पेटलेला. गुलाबाचा गुलाबी मऊ.

आपल्याला जे रंग दिसतात तेच मधमाशीला दिसतात असेही नाही. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोग करून दाखविले की मधमाशीला रंग कळतात, पण तांबडा मात्र तिला काळ्यासारखा वाटतो. पुढे १९७३ साली त्याला मधमाश्यांच्याच अभ्यासासाठी नोबेल पारितोषिकातला वाटा मिळाला. उलट माणसाला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण माशीला दिसतात. लालभडक फुलांवर पक्षी येतात. आमच्या जास्वंदीवर जो चिमुकला शिंजीर लोंबकळतो, तो त्या लाल रंगाचे खरे गिऱ्हाईक. आपण आपले वाटसरू.

आता बोगनवेल. ही काही नवलाची वेल नाही, असे कोणी म्हणेल. कलेक्टर कचेरीपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळीकडे असते. परंतु कमी पाण्याच्या प्रदेशात दारावर रंगाची कमान हवी असेल तर हिच्याएवढे प्रामाणिक झाड दुसरे नाही. तिला फार पाणी दिले तर पाने वाढतात; पाणी तोडले की ती फुलते. म्हणजे आमच्या टँकरच्या महिन्यांत, फेब्रुवारी ते मे, ती ऐन भरात असते. आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नव्हेच. तीन रंगीत पाने असतात, आणि त्यांच्या मध्ये काडीएवढी तीन पांढरट फुले. रंगीत पान कागदासारखे असल्याने आठवडे टिकते. पुष्कळ जण सरसकट एकच जांभळट वेल लावतात. त्याऐवजी 'मेरी पामर' मागून घ्यावी. तिच्या एकाच झाडावर पांढरे आणि गडद गुलाबी असे दोन्ही रंग येतात, कधी कधी एकाच झुपक्यात. आमच्या दारात ती आल्यापासून एस.टी.च्या थांब्यावरची माणसे "पांढऱ्या-गुलाबी येलाचं घर" अशी आमची खूण सांगतात. पूर्वी आम्ही "पत्र्याच्या खोलीवाले" होतो.

या वेलीची एक हकीकत मला फार आवडली. बुगाँव्हील नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ ते १७६९ या काळात जगप्रदक्षिणेस निघाला होता. त्याच्या जहाजांच्या ताफ्यात फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर रिओ येथे त्याला ही वेल मिळाली आणि तिला बुगाँव्हीलचे नाव पडले. कॉमर्सनचा एक मदतनीस होता. कॉमर्सनचा पाय अधू झालेला असल्याने डोंगरातून झुडपे शोधून आणण्याचे, ओझी वाहण्याचे काम बरेचसे या मदतनिसावर पडे. पुढे उघडकीस आले की हा मदतनीस पुरुष नव्हता. तिचे नाव जान बारे. गरीब घरची मुलगी. त्या काळी फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून ती पुरुषाचा वेष करून चढली होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतात. वेलीला नाव मात्र कप्तानाचेच. हे मी आईला सांगितले तेव्हा आई म्हणाली, "वझं वाहणाऱ्याचं नाव कुठं असतंय?" बंगल्याच्या फाटकावर मालकाचे नाव असते आणि गवंड्याचे नसते, हे तिने पाहिलेले आहे.

आता सहा हजार रुपयांची गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात मी गुलाबी कण्हेर लावली. कमी पाण्यावर येते, बारा महिने फुलते, आणि रोपे विकणाऱ्याने सांगितले की तिला जनावर तोंड लावत नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. महामार्गाच्या मधल्या पट्ट्यांत कण्हेर लावतात त्याचे एक कारण हेच. हिरवे पान कडू असते, म्हणून जनावरे टाळतात. परंतु ती का टाळतात, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. कण्हेरीच्या पानात, फुलात, सालीत, मुळात हृदयाची गती बिघडविणारे विष असते, आणि पान सुकल्यावरही ते विष जात नाही. २०२४ च्या जानेवारीत मी झाड छाटले आणि फांद्या रस्त्याच्या कडेला टाकून कॉलेजला आले. दुसऱ्या दिवसापर्यंत ती पाने वाळली. वाळलेल्या पाल्याबरोबर शेजारच्या काकूंच्या गाभण शेळीने ती खाल्ली. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत शेळी गेली होती.

काकू विधवा आहेत. दोन शेळ्या हाच त्यांचा संसार. त्या भांडल्या नाहीत. दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "फुलासाठी माझी शेळी मारलीस गं पोरी." आण्णांनी तीन हप्त्यांत त्यांना सहा हजार रुपये दिले. काकूंनी पैसे घेतले, पण पुढे चार महिने आमच्याकडे पाहिले नाही. ते झाड आम्ही मुळासकट काढले. काढताना हाताला पिशव्या बांधल्या आणि फांद्या खड्ड्यात पुरल्या. जाळल्या नाहीत, कारण त्या धुराचाही त्रास होतो.

म्हणून, वाचकहो, नवे झाड दारात आणण्यापूर्वी हा एक प्रश्न जरूर विचारावा : हे झाड कोणी खाल्ले तर काय होईल? पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही विषारी. तिच्या बिया मुले खेळायला घेतात, तेव्हा अधिकच जपावे. धोत्र्याचे तर सर्वांना माहीत आहे. कुंपणाआड, कोणाच्या वाटेत नसलेल्या जागी यांतली काही झाडे शोभतात; उघड्या अंगणात नाहीत.

कळलावीविषयी मात्र माझे मन अजून दोन्हीकडे ओढते. सौंदर्यात तिच्या जवळपास येणारे रानफूल मी पाहिलेले नाही. पावसाळ्यात जमिनीतल्या गड्ड्यातून वेल वर येते. पानाची टोके लांबून वेटोळी होतात आणि त्यांनीच ती झुडपाला धरून चढते. फूल खाली मान घालते आणि पाकळ्या मात्र मागे, वर उलटतात, कडा लाटेसारख्या. तळाशी पिवळा आणि टोकाशी लाल असा रंग असतो, तो दिवसागणिक लालच होत जातो. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नव्हे. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे. आमच्या गावच्या देवळामागील कुंपणात ती दरवर्षी येते. परंतु तिचा गड्डा अत्यंत विषारी आहे. त्यातील कोल्चिसीन हे द्रव्य औषधात मोजून मापून वापरतात. अंदाजाने घेतले तर जीव जातो. मी गड्डा आणायचे म्हटल्यावर आजी म्हणाली, "कळलावी घरात आली की भांडणं येत्यात." मी तिला अंधश्रद्धेवर भाषण दिले असते, पण शेळीची गोष्ट ताजी होती. आता मी श्रावणात देवळामागे जाऊन ती पाहून येते.

विष नसले तरी दुसरा एक धोका असतो. निराळे म्हणून आणलेले फूल अंगण सोडून पुढे जाते. आमच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना जी घाणेरी माजली आहे, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साहेबांच्या बागांसाठी अमेरिकेकडून आणलेले शोभेचे झाड आहे. फूल पाहा, किती सुंदर! एकाच गेंदात पिवळी, नारिंगी आणि गुलाबी फुले. पिवळे फूल ताजे. कीटक येऊन गेल्यावर त्याचा रंग बदलतो आणि कीटक बदललेल्या फुलाकडे फारसे वळत नाहीत. एवढी हुशार योजना असलेले झाड पसरणारच. पक्ष्यांनी फळे खाऊन बी नेले, आणि आज आपल्या रानांत गवताची जागा तिने घेतली आहे. गुरांनी ती खाल्ली तर यकृत बिघडते. जलपर्णीची कहाणी तीच. ती जांभळ्या फुलांसाठी आणली, आता भीमेच्या खोऱ्यात लोक यंत्रे लावून काढतात. रोपवाटिकेत आजही संकरित घाणेरी कुंडीत मिळते. मी घेणार नाही.

आता ज्या फुलांनी मला आनंदच दिला त्यांच्याकडे वळते. पहिली गुलबक्षी. ही गावंढळ समजली जाते, परसातली, मोरीच्या कडेची. पण हिच्याइतके खेळकर फूल नाही. दुपारी चार-पाचच्या सुमारास उमलते, रात्रभर मंद वास देते, सकाळी मिटते. एका झाडावर पिवळी, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुले एकाच वेळी येतात. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचे शर्ट जणू. हिलाही खऱ्या पाकळ्या नाहीत; बोगनवेलीच्याच कुळातली ही. शास्त्र शाखेतील एका मैत्रिणीने सांगितले की त्यांच्या पुस्तकात गुलबक्षीवर धडा आहे. लाल फुलाच्या आणि पांढऱ्या फुलाच्या झाडाचा संकर केला तर संतती गुलाबी निपजते, आणि त्या गुलाबींच्या संततीत पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी अशी एक-दोन-एक प्रमाणात फुले येतात. शिवाय कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली हिच्यावरच दाखवून दिले की पानांवरील पांढरे-हिरवे पट्टे केवळ आईच्या बाजूने येतात. परागकण कोणत्या झाडाचे, याला महत्त्व नाही. एवढे सगळे ज्या झाडात, ते आमच्या मोरीच्या पाण्यावर वाढत होते आणि मी नऊशे रुपये घेऊन तालुक्याला गेले होते! वरचे झाड उन्हाळ्यात वाळले तरी जमिनीतला कंद राहतो आणि पहिल्या पावसाला फुटतो.

मधुमालती दारावर चढविली तर तीन दिवसांचे तीन रंग एका घोसात दिसतात. फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल. पांढरे असताना रात्रीचे मोठे पतंग येतात, रंगल्यावर दिवसाच्या माश्या आणि फुलपाखरे. पहिले वर्ष तिला पाणी द्यावे लागते, नंतर ती स्वतःचे पाहते. फक्त आधार भक्कम हवा. आमची वेल पहिल्याच पावसाळ्यात वाळणीची दोरी घेऊन खाली आली.

गोकर्णीचे बी रात्रभर भिजवून जूनमध्ये टोचावे. दीड-दोन महिन्यांत निळी फुले येतात. निळा रंग फुलांत दुर्मीळच असतो, म्हणून कुंपणावर गोकर्ण असलीच पाहिजे. तिची फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते आणि लिंबू पिळले की जांभळे. अँथोसायनिन आम्लात रंग बदलते त्याचा हा घरगुती प्रयोग. माझ्या धाकट्या भावाने हा प्रयोग एवढ्या वेळा केला की आईने लिंबे लपवून ठेवली. ही वेल शेंगवर्गातली, म्हणून हिच्या मुळांवरील गाठींमुळे माती सुधारते. हायड्रेंजिया जेथे मेला तेथेच मी ती लावली आहे.

अबोलीचा रंग कोणत्या रंगपेटीत नाही. शेंदरी म्हणावा तर फिका, गुलाबी म्हणावा तर तापलेला. वास नाही, म्हणूनच बिचारीचे नाव अबोली पडले असावे. कोकण-गोव्यात तिचे वळेसर घालतात. तिला कडक ऊन सोसत नाही. मी ती मधुमालतीच्या सावलीत, न्हाणीच्या पाटापाशी लावली. तिची वाळलेली बोंडे ओली झाली की टचकन फुटतात आणि बी दूर उडते. कोरांटी पिवळी आणि काटेरी आहे. रस्त्याच्या बाजूला कुंपण म्हणून लावली. पावसाळा सरताना फुलते आणि फुकट मिळते. सदाफुलीविषयी वेगळे काय सांगावे! मूळची मादागास्करची. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना तिच्या पानांत रक्ताच्या कर्करोगावर चालणारे द्रव्य सापडले. पण पान चावून कोणी औषध करू नये. तीही विषारीच, फक्त जनावरे तिच्या वाटेला जात नाहीत. तरीही छाटलेली सदाफुली मी आता उकिरड्यावर टाकत नाही, पुरते.

गेल्या वर्षी कॉलेजची सहल कासच्या पठारावर गेली होती. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा असे पट्टेच्या पट्टे पाहून एका मुलीने रुमालात रोप बांधण्यासाठी हात घातला. मीच तिला अडविले. कायद्याचे कारण आहेच, पण माझे कारण हायड्रेंजियाचे होते. कासला जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, त्यात कस नाही. सीतेची आसवे ही इवलीशी वनस्पती तर पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवते. त्यांना आपल्या कसदार काळ्या मातीत आणून ठेवले तर ती आठ दिवस जगणार नाहीत.

तेरडा मात्र अंगणात जरूर लावावा. त्याचे बी बाजारात मिळते. जूनच्या पहिल्या पावसाला फेकले की गौरी येईपर्यंत फुले तयार. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण करणाऱ्याने तेरड्यावर अन्याय केला आहे. एक फूल तीन दिवस राहत असेल, झाड दीड महिना फुलते, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लावले की ती फुटून बी स्वतःच पेरते. दुसऱ्या वर्षी विकत आणावे लागत नाही.

यावरून अंगणाचे वर्ष आपोआप लागत गेले. पावसाळ्यात तेरडा, गोकर्ण आणि गुलबक्षी. दसऱ्याला झेंडू (तोही मूळचा मेक्सिकोकडचा, पण त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, तेव्हा देशी-परदेशी हा वाद मी घालत नाही). थंडीत कोरांटी आणि आजीच्या हट्टासाठी दोन शेवंत्या. उन्हाळ्यात बोगनवेल, सदाफुली आणि ऑफिस टाइम. उंच झाडे भिंतीकडे, बुटकी पुढे. एवढे पथ्य पाळले की पुरे. पाणी अजूनही दोनच बादल्या लागते.

गेल्या ज्येष्ठात शेजारच्या काकू आमच्या कोरांटीपाशी येऊन थांबल्या. मी आत पळणार होते. त्यांनी गुलबक्षीकडे बोट केले आणि विचारले, "ही खाल्ली तर शेळीला काय हुतंय?" मी खरे ते सांगितले, की बी आणि कंद पोटाला बाधतात, म्हणून गोठ्याकडे लावू नका, दाराच्या दुसऱ्या अंगाला लावा. त्यांनी पदर पसरला. मी मूठभर बी घातले. आता त्यांच्या दारातल्या झाडावर एक पूर्ण पांढरे फूल येते, जे आमच्याकडे कधीच आले नव्हते. त्याचे बी मी यंदा मागून आणणार आहे.

गुलबक्षीचे बी काळे, मिऱ्यासारखे सुरकुतलेले असते. डब्यात ठेवताना मसाल्याच्या फळीपासून दूर ठेवावे. माझ्याकडे सध्या एक बरणी भरून आहे. मुलींच्या वसतिगृहापुढे बरीच जागा मोकळी पडली आहे, आणि तेथे नळाचे पाणी दिवसभर वाया जाते. ज्यांना बी हवे असेल त्यांनी जूनपूर्वी वर्गात मला भेटावे.